पेनड्राइव्ह-बूट मीडिया प्लेअर

लॅपटॉपच्या डिस्कवरची विंडोज किंवा अन्य कार्यप्रणाली बाजूला ठेवून पेनड्राइव्हवरच्या छोट्या लिनक्सवर यंत्र सुरू करणारी आणि वापरणाऱ्याला थेट चित्रपट-गाण्यांच्या पडद्यावर आणून सोडणारी सॉफ्टवेअर-रचना. यंत्र चालू होताच बायोस किंवा यूईएफआय पेनड्राइव्हवरचा बूटलोडर उचलतो, बूटलोडर कर्नल मेमरीत आणतो, कर्नल ‘स्क्वॉशएफएस’ या दाबून साठवलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलमधून उरलेली प्रणाली उघडतो, आणि एरवी जिथे डेस्कटॉप येतो तिथे प्लेअर येतो. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की मूळ प्रणाली जशी होती तशी मिळते. मात्र ‘आतली डिस्क सुरक्षित राहते’ हे विधान जपून घ्यावे. पेनड्राइव्हवरूनच चालवल्यास तिच्यावर काही बसवले जात नाही एवढेच खरे. तिच्यावरच्या फाइली प्लेअरला दिसू शकतात आणि लिहिण्याची मुभा असल्यास पुसल्याही जाऊ शकतात.

इतिहास : या प्रकाराचा पाया सीडीच्या काळात घातला गेला. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘एमप्लेअर’ या मुक्त प्लेअरला विंडो-प्रणालीची गरज नव्हती. तो कर्नलच्या फ्रेमबफरवर थेट चित्र काढू शकत असे. त्याच्या आधारे ‘मूव्हिक्स’ आणि ‘जीएक्सबॉक्स’ हे दोन प्रकल्प उभे राहिले. मूव्हिक्सच्या ‘ई-मूव्हिक्स’ या भावंडाची कल्पना वेगळी होती : चित्रपट आणि तो वाजवणारी प्रणाली एकाच सीडीवर लिहायची, म्हणजे ती सीडी कोणत्याही संगणकात घातली तरी स्वतःच वाजावी. ‘के३बी’ या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये अशा सीडीसाठी वेगळा पर्याय होता. २००२ मध्ये सुरू झालेला जीएक्सबॉक्स अधिक दूर गेला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या १० एमबीच्या आत बसत आणि बूट होताना पूर्णपणे मेमरीत उतरत. त्यामुळे एकच ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये प्रणालीची सीडी बाहेर काढून त्याच जागी डीव्हीडी घालता येई. हवे ते कोडेक, फॉन्ट आणि ड्रायव्हर निवडून स्वतःची आवृत्ती घडवण्याचे साधनही त्याच्यासोबत मिळे. या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या अनेक प्रकल्पांनी त्याच्या तीन गोष्टी, म्हणजे मेमरीतून चालणे, केवळ-वाचनीय गाभा आणि गरजेपुरती जोडणी, कमी-अधिक प्रमाणात उचलल्या.

दुसरा प्रवाह खेळयंत्रातून आला. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी २००२ मध्ये लिहिलेला ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’ पुढे ‘एक्सबीएमसी’ झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ ठेवले गेले. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी मेमरी एवढ्यावर तो वाढला, ही बाब हलकेपणाच्या चर्चेत विसरली जाते. कोडीभोवती किमान लिनक्स गुंडाळणारा ‘ओपनइलेक’ २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये मतभेदांतून ‘लिब्रेइलेक’ वेगळा निघाला. या फाटाफुटीच्या कारणांचे वर्णन कोण करतो त्यानुसार बदलते. लिब्रेइलेकची ६४-बिट पीसीची प्रतिमा (इमेज-फाइल) पेनड्राइव्हवर लिहिली की तीन वाटा मिळतात : डिस्कवर कायम बसवणे, काहीही न साठवता चालवणे, किंवा पेनड्राइव्हवरच सेटिंग जपत चालवणे.

उत्पादकांची पूर्वस्थापित साधने : डेलचे ‘मीडियाडायरेक्ट’ आणि एचपीचे ‘क्विकप्ले’ यांनी असेच काम लॅपटॉपवरच्या वेगळ्या बटनाला जोडले होते.

हलकेपणाचा प्रश्न : जुना लॅपटॉप रखडतो तो जड कार्यप्रणालीमुळे, ती काढली की तो कोणताही चित्रपट वाजवेल, अशा समजुतीने या प्रकाराची शिफारस होते. समजूत अर्धी खरी आहे. छोटी प्रणाली बूटचा वेळ आणि मेमरी वाचवते; पण व्हिडिओ उलगडणे हे गणिताचे काम आहे आणि ते प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपलाच करावे लागते. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींत कमी जागेत तेवढेच चित्र बसवण्याची किंमत उलगडणाऱ्याने मोजायची असते. इंटेलच्या चिपांत आठ-बिट एचईव्हीसीची पूर्ण हार्डवेअर सोय स्कायलेकपासून, म्हणजे २०१५ पासून, आणि दहा-बिटची त्यानंतरच्या केबीलेकपासून आली. एव्ही१ या आणखी नव्या पद्धतीची सोय २०२० च्या टायगरलेकपासून आली. त्यामुळे २००८ च्या सुमाराचा दोन कोरांचा लॅपटॉप डीव्हीडी आणि ७२० रेषांचे एच.२६४ निभावून नेतो, तर १०८० रेषांच्या दहा-बिट एचईव्हीसीपुढे अडखळतो. त्याच्यावर विंडोज असो वा लिब्रेइलेक. शिवाय प्लेअरही सारखे हलके नसतात. कोडीचा पडदा ओपनजीएल या ग्राफिक्स-व्यवस्थेवर चालतो आणि त्याच्या प्रणालीची प्रतिमा शेकडो एमबींची असते. जीएक्सबॉक्सचा जुना मेनू ज्या यंत्रावर सहज चालला तिथे कोडी उघडणारही नाही, असे होऊ शकते. अशा यंत्रावर डेस्कटॉपविना डेबियन लिनक्स आणि त्यावर थेट पडद्यावर चित्र काढणारा ‘एमपीव्ही’ प्लेअर ही जोडी अधिक योग्य ठरते.

मग या प्रकाराचे खरे मोल कशात? वगळण्यात. एकच काम करणाऱ्या यंत्रात मध्येच अपडेट सुरू होत नाही, सूचना पडद्यावर उडी मारत नाही, आणि गाभा केवळ-वाचनीय असल्याने बॅटरी निकामी झालेल्या लॅपटॉपची वीज अचानक गेली तरी प्रणाली सहसा बिघडत नाही. शाळेचा वर्ग, ग्रंथालय, फिल्म सोसायटीचा खेळ अशा ठिकाणी हा गुण वेगापेक्षा मोठा आहे. यावर एक आक्षेप असा की एसएसडीवरची आजची प्रणाली काही सेकंदांत उठते आणि तिच्यावर व्हीएलसी हा प्लेअर टाकला की काम भागते. नव्या, स्वतःच्या लॅपटॉपपुरता तो रास्त आहे. दुसऱ्याच्या, डिस्क बिघडलेल्या किंवा अनेकांच्या हाती जाणाऱ्या यंत्राला तो लागू पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : चित्रपट आता फाइल म्हणून घरात नसतो, तो सशुल्क सेवांवर असतो आणि त्या सेवा लिनक्सवर अनेकदा कमी दर्जाचे चित्र देतात. तो मान्य करावा लागतो. ज्याचा संग्रह स्वतःच्या डिस्कवर, डीव्हीडीवर किंवा घरातल्या नेटवर्कवर आहे, त्याच्यासाठीच हे साधन आहे.

देवनागरी उपशीर्षके : एमप्लेअरची जुनी उपशीर्षक-यंत्रणा अक्षरे एकापुढे एक मांडत असे. त्यामुळे जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी बसे. ‘लिबॲस’ या उपशीर्षक-लायब्ररीला ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणीच्या साधनाची जोड मिळाल्यावर ही अडचण दूर झाली, पण प्रणाली किमान असल्याने देवनागरी फॉन्ट तिच्यात असेलच असे नाही, आणि तो नसला तर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात. मराठी वापरासाठी प्रणाली निवडताना ही गोष्ट बूटच्या वेगाआधी तपासावी, कारण वेग सेकंदांचा असतो आणि न वाचता येणारे उपशीर्षक संपूर्ण चित्रपटभर सोबत राहते.

कायदा : संरक्षित डीव्हीडी वाजवताना लक्षात घ्यावे की भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडण्याशी संबंधित आहे.

सिक्युअर बूट : २०१२ च्या विंडोज ८ पासून बहुतेक लॅपटॉपांवर बूटलोडरची सही पाहणारी ही तपासणी चालू स्थितीत येते; लिब्रेइलेक वापरण्यासाठी ती फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते.