हस्तनिर्मित चामडी पिशवी

हस्तनिर्मित चामडी पिशवी म्हणजे कमावलेले चामडे हाताने कापून व शिवून तयार केलेली, दैनंदिन वापराची पिशवी. दप्तर, खांद्यावरची पिशवी, बटवा असे तिचे अनेक प्रकार आहेत. कापडी, प्लॅस्टिकच्या व कृत्रिम चामड्याच्या स्वस्त पिशव्या सर्वत्र मिळत असूनही तिचे आकर्षण टिकून आहे. टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि वापरागणिक खुलत जाणारे रूप ही त्याची प्रमुख कारणे होत.

इतिहास

आल्प्स पर्वतात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका मानवाचे शव बर्फात सापडले. ‘ओत्झी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मानवाच्या कमरपट्ट्याला वासराच्या कातड्याची लहान पिशवी जोडलेली होती व तीत गारगोटीची हत्यारे होती. महाराष्ट्रात विहिरीचे पाणी उपसण्याची मोट, पाणी वाहून नेण्याची पखाल आणि तेल-तूप ठेवण्याचा बुधला या वस्तू चामड्याच्या असत. यांत्रिक पंप, नळ आणि पत्र्याची भांडी आल्यावर त्या मागे पडल्या. बंगालमधील शांतिनिकेतन परिसरात ठसे उठवून रंगवलेल्या चामडी पिशव्यांची स्वतंत्र शैली विसाव्या शतकात रुजली. तेथील चर्मवस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

चामडे कमावणे

कच्चे कातडे कुजते. वनस्पतींच्या सालींतील व फळांतील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील तंतूंशी संयोग पावले, की ते कुजेनासे होते. कोल्हापूर परिसरातील पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल व हिरडा वापरतात. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हे द्रावण भरून टांगून ठेवतात व ते हळूहळू झिरपू देतात. या कामास काही आठवडे लागतात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत क्रोमियम क्षार वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यामुळे हा काळ एक-दोन दिवसांवर आला. क्रोमचे चामडे मऊ असते व पाण्याला अधिक दाद देत नाही. वनस्पतिजन्य चामडे घट्ट असते, आकार धरून ठेवते आणि ऊन, हाताचा स्पर्श व तेल यांमुळे कालांतराने गडद व तुकतुकीत होते.

रचना व शिवण

कारागीर रापीने चामडे कापतो, आरीने भोके पाडतो आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो. खोगीर शिवण्याच्या पद्धतीत एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात व त्या प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके शिवण धरून ठेवतात. यंत्राच्या टाक्यात दोन स्वतंत्र दोरे एकमेकांत अडकवलेले असतात व त्यांतील एक तुटल्यास शिवण उसवत जाऊ शकते. चामडी पिशवीचा पट्टा, बक्कल किंवा शिवण बदलता येते. कृत्रिम चामड्याचा वरचा लेप सुटू लागल्यावर मात्र तो पूर्ववत करणे कठीण असते.

निगा

पिशवी भिजल्यास ती सावलीत वाळवावी, कारण कडक उन्हात चामडे आखडते. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून ती हवेशीर ठेवावी, प्लॅस्टिकमध्ये बांधू नये. अधूनमधून अल्प प्रमाणात तेल किंवा मेण लावल्यास चामडे तडकत नाही.

सामाजिक संदर्भ

महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम मुख्यतः ढोर, तर चामड्याच्या वस्तू बनवण्याचे काम चर्मकार समाजाकडे परंपरेने आले. वस्तू सर्वांनी वापरली, परंतु ती घडवणाऱ्यांच्या वाट्याला अस्पृश्यता आली. या व्यवसायाच्या विकासासाठी राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ कार्यरत आहे. २०१५ साली राज्यातील गोहत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हैस त्या बंदीत येत नाही. हाताच्या कामास लागणारा वेळ किमतीत धरला गेला, तरच हे कौशल्य पुढील पिढीला उपजीविका म्हणून स्वीकारता येते.