जर्मन मॅचचे शब्द: इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

जर्मन कॉमेंट्रीत बुंडेसलीगा बघताय आणि अर्थासाठी ट्रान्सलेशन ॲप उघडलंय? मग एक लक्षात ठेवा. जर्मनमध्ये दोन-तीन शब्द जोडून एकच लांब शब्द बनतो. तो आधी तोडा, पण अर्थ लावताना संदर्भ बघा.

बांडेनव्हेर्बुंग: ‘बांडे’ म्हणजे टोळी आणि मैदानाकडेचा कठडासुद्धा. ‘व्हेर्बुंग’ म्हणजे जाहिरात. इथे टोळीचा काही संबंध नाही. इंग्रजीत पेरिमीटर ॲडव्हर्टायझिंग.

ट्रिकोव्हेर्बुंग: जर्सीवरची जाहिरात, म्हणजे शर्ट स्पॉन्सरशिप. बुंडेसलीगात ती १९७३ मध्ये आली, आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगच्या जर्सीवर येगरमाइस्टरचं हरीण झळकलं तेव्हा.

कॉन्फेरेन्त्स: मीटिंग नव्हे! एकाच वेळी चालू असलेल्या मॅचेस आलटून-पालटून दाखवणं. इंग्रजीत ‘कॉन्फरन्स’ लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल. व्हिप-अराउंड कव्हरेज म्हणा.

डाउअरव्हेर्बेझेंडुंग: ‘डाउअर’ म्हणजे सलग, ‘झेंडुंग’ म्हणजे प्रसारण. इंग्रजीत इन्फोमर्शियल. स्क्रीनवर ही पट्टी दिसली, तर समोर चाललंय ती अख्खी जाहिरातच आहे. बाकीचे शब्द चुकले तर फार तर हसू होईल. हा चुकला, तर विकणाऱ्याचं बोलणं तज्ज्ञाचा सल्ला समजून बसाल.