आंतरग्रहीय अवकाशातील उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन

सूर्यमालेतील ग्रहांच्या दरम्यान असलेल्या अवकाशातून अतिशय वेगाने प्रवास करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आंतरग्रहीय उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असे म्हणतात. सौरवाऱ्यातील सामान्य इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारणतः १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तिच्या हजारो पट किंवा त्याहूनही अधिक असते.

उगम

या इलेक्ट्रॉनांचे प्रमुख उगम तीन आहेत.

सूर्य : सौरज्वालांच्या वेळी, तसेच सूर्यावरून उत्सर्जित झालेल्या द्रव्याने निर्माण केलेल्या आघात तरंगांमुळे इलेक्ट्रॉन त्वरित होतात.

गुरू : गुरूच्या प्रबळ चुंबकावरणातून इलेक्ट्रॉन सतत बाहेर पडतात. शांत सूर्याच्या काळातही पृथ्वीजवळ इलेक्ट्रॉनांची संख्या अधूनमधून का वाढते, हे १९७० च्या दशकाच्या आरंभी कोडेच होते. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० हे यान गुरूजवळून गेले आणि त्याच्या नोंदींमुळे या इलेक्ट्रॉनांचा उगम गुरू असल्याचे स्पष्ट झाले. गुरूच्या स्वतःभोवती फिरण्याचा सुमारे १० तासांचा काळ त्यांच्या चढउतारातही दिसतो.

आकाशगंगा : अतिनवताऱ्यांच्या अवशेषांसारख्या दूरच्या स्रोतांतून विश्वकिरणांचा भाग म्हणून काही इलेक्ट्रॉन येतात. सौरवारा त्यांपैकी बऱ्याच इलेक्ट्रॉनांना बाहेरच रोखतो.

प्रवास

इलेक्ट्रॉन विद्युतभारित असल्यामुळे ते सरळ रेषेत न जाता चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत पुढे सरकतात. सूर्याच्या परिभ्रमणामुळे या रेषा सर्पिलाकार होतात, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडले. सूर्य व पृथ्वी यांतील अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर असले, तरी सर्पिल मार्गाची लांबी साधारण १७ ते १८ कोटी किलोमीटर भरते. १ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून किंचित अधिक वेगाने हा मार्ग सुमारे १८ मिनिटांत कापतो. चुंबकीय क्षेत्रातील अनियमिततेमुळे इलेक्ट्रॉन विखुरतात आणि त्यांना विलंब होतो. पृथ्वी व गुरू सुमारे १३ महिन्यांनी पुन्हा एकाच बलरेषेने जोडले जातात. त्या सुमारास गुरूचे इलेक्ट्रॉन पृथ्वीजवळ अधिक आढळतात.

महत्त्व

सौर उद्रेकानंतर वेगवान इलेक्ट्रॉन आधी आणि अधिक घातक प्रोटॉन नंतर पोहोचतात. सोहो यानाच्या नोंदींवरून प्रोटॉनांची पूर्वसूचना जास्तीत जास्त सुमारे एक तास आधी देता येते, असे दिसून आले आहे. पृथ्वीच्या चुंबकीय संरक्षणाबाहेर असलेल्या अंतराळवीरांना सुरक्षित कक्षात जाण्यासाठी हा अवधी मोलाचा ठरतो.