व्होल्टाचे पाणी आणि घानाचे दिवे

एक घनमीटर पाण्यापासून किती वीज मिळते? अकरावी-बारावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की एखादी चुणचुणीत मुलगी लगेच विचारते, "पाणी पडतं किती उंचीवरून?" आम्हाला हा उलट प्रश्न फार आवडतो, कारण सारे गणित त्यातच आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीकडे उतरते. तेथे एका घनमीटरला एक युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात व्होल्टा नदीवर आकोसोम्बो नावाचे धरण आहे. तेथे पाणी जेमतेम सत्तर मीटर पडते. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा, थोडी तूट धरा, आणि ३६ लाख ज्यूलने भागा. एका युनिटासाठी तेथे सहा घनमीटर पाणी लागते असे उत्तर येईल.

उंचीत राहिलेली कसर साठ्याने भरून काढावी लागते. व्होल्टा सरोवरात काठोकाठ भरल्यावर सुमारे १४८ घनकिलोमीटर पाणी मावते, म्हणजे कोयनेच्या मूळ साठ्याच्या पन्नासपटींहूनही अधिक. ते पसरले आहे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवर. आपला अख्खा सांगली जिल्हा पाण्याखाली गेला अशी कल्पना केली तर अंदाज येईल. घानाच्या एकूण भूमीपैकी साडेतीन टक्क्यांहून जास्त जमीन या एका तलावाने व्यापली. ती कोणासाठी, आणि त्या विजेने दिवे कोणाचे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

त्या काळी या देशाचे नाव गोल्ड कोस्ट होते आणि तेथे इंग्रजांचे राज्य होते. तिथल्या भूशास्त्रीय खात्याचे प्रमुख अल्बर्ट किटसन यांना क्वाहूच्या पठारावर बॉक्साइट सापडले. १९१५ साली होडीतून व्होल्टा नदीचा प्रवास करताना त्यांनी आकोसोम्बोजवळची अरुंद खिंडही हेरली. बॉक्साइट हे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज, आणि अ‍ॅल्युमिनियमला लागते भरमसाट वीज. नदी आणि खनिज एकाच मुलखात, तेव्हा दोन्हींची सांगड घालण्याची कल्पना किटसन यांना सुचली. पुढली चाळीस वर्षे ती कागदावरच राहिली.

आमचे स्वतःचे काम विद्युत्-रसायनातले असल्याने येथे जरा थांबतो. बॉक्साइटपासून आधी अल्युमिना काढतात. तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये सुमारे ९५० अंश सेल्सिअसला विरघळवून त्यातून वीजप्रवाह सोडतात. एका अणूला तीन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर एक किलो धातूला सुमारे २९८० अँपिअर-तास लागतात. घटावर साडेचार व्होल्ट दाब आणि नव्वद टक्के कार्यक्षमता धरली की उत्तर पंधरा युनिटांच्या आसपास येते. हे गणित बारावीच्या मुलांना जरूर द्यावे. आता आकोसोम्बोच्या हिशेबाने पंधराला सहाने गुणा: एक किलो अ‍ॅल्युमिनियमसाठी नव्वद घनमीटर पाणी टर्बाइनमधून जाते. दहा हजार लिटरचे नऊ टँकर! हे पाणी नष्ट होत नाही, खाली समुद्राकडे जाते, हे खरे. पण त्याची उंची एकदा खर्च झाली की झाली.

आणखी एक गोष्ट. हे घट बंद ठेवून चालत नाहीत. काही तास वीज गेली तर आतला रस थिजतो आणि घट फोडून काढावा लागतो. म्हणून असा कारखाना रात्रंदिवस, सणासुदीला, एकाच मापाने वीज घेत राहतो. धरणाला कर्ज देणाऱ्याला असेच गिऱ्हाईक हवे असते.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र होऊन घाना झाला. क्वामे एन्क्रुमा हे त्याचे पहिले पंतप्रधान, पुढे अध्यक्ष. कोकोच्या एका पिकावर देश चालणार नाही, कारखाने हवेत आणि त्यांना वीज हवी, हे त्यांचे ठाम मत होते. १९५३ ते १९५६ या काळात रॉबर्ट जॅक्सन यांच्या आयोगाने प्रकल्पाचा बारकाईने अभ्यास केला होता. पण अंदाजित खर्च ऐकून ब्रिटिश सरकार आणि अ‍ॅल्युमिनियम कंपन्या मागे सरल्या. मग एन्क्रुमांनी अमेरिकेचे दार ठोठावले. कैसर या अमेरिकन उद्योगसमूहाच्या अभियंत्यांनी १९५९ मध्ये योजना तपासून धरण वरच्या अजेना या जागेऐवजी आकोसोम्बोलाच बांधावे असे सुचवले. त्याच सल्ल्यात दुसरी एक सूचना होती, आणि आमच्या मते सारा पेच तेथेच पडला: घानाच्या बॉक्साइटपासून अल्युमिना करण्याचा खर्चिक टप्पा तूर्त गाळावा. कारखाना तेमा बंदरात काढायचा आणि अल्युमिना जहाजाने बाहेरून आणायचा. म्हणजे ज्या खनिजामुळे ही कल्पना जन्मली, ते खनिजच योजनेतून वगळले गेले.

१९६२ च्या आरंभी करार झाले. निम्म्याच्या आसपास पैसा घानाने घातला, उरलेला जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांचे कर्ज. कारखान्याची मालकी कैसर आणि रेनॉल्ड्स या कंपन्यांकडे होती. विजेचा दर ठरला एका युनिटाला अमेरिकन सेंटाच्या चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक, आणि मुदत तीस वर्षांची. एन्क्रुमांना हा दर कमी आहे हे कळत नव्हते असे नाही. त्या वेळच्या घानात एवढी वीज घेणारे दुसरे कोणी नव्हते. शहरांत डिझेलवर चालणारी छोटी वीजघरे होती, खेड्यांत तीही नव्हती. कारखाना नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर धरण नाही, अशी ती साखळी होती. त्यांच्या जागी आम्ही असतो तर सही केली असती की नाही, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.

इटालियन कंपनीने काम घेतले. दगडांच्या भरावाचे हे धरण, लांबी ६६० मीटर, पायापासून उंची ११४ मीटर. १९६४ च्या मे महिन्यात नदी अडवली आणि पाणी चढू लागले. त्याच्या पुढे पुढे माणसे हलवायची होती. सुमारे ७४० गावे, ८०,००० माणसे, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या शेकडा एकाहून अधिक. त्यांना ५२ नव्या वसाहतींत बसवले. घर म्हणून जे मिळाले त्यात एका खोलीच्या भिंती बांधलेल्या, बाकीच्या ज्याने त्याने पुढे बांधाव्यात अशी योजना. छपराला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे होते! तेमाचा कारखाना तेव्हा सुरूही झाला नव्हता. वसाहतींत शाळा आल्या, नळ आले, पण जमीन अपुरी पडली आणि बऱ्याच जणांनी पुन्हा पाण्याचा काठ गाठला. ज्यांची गावे विजेसाठी बुडाली, त्यांच्यापैकी अनेक वसाहतींत कित्येक वर्षे रॉकेलचेच दिवे होते.

जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी या तलावात एक उत्तम पाठ दडलेला आहे. वाहत्या, उसळत्या पाण्यात वाढणारी सिम्युलियम माशी नदीकाठच्या लोकांना अंधत्व आणणारा रोग देत असे. खळखळाट पाण्याखाली गेला तशी तिची तेथली पैदासीची ठिकाणेही गेली. पण संथ पाण्यात पाणवनस्पती माजल्या आणि त्यांच्यावर बुलिनस जातीच्या गोगलगायी वाढल्या. त्या बिल्हार्झियाच्या कृमीला आसरा देतात. काठावरच्या काही गावांत बहुतेक शाळकरी मुलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. धरणाच्या खालच्या अंगाला नदीचे पूर थांबले, गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा सरकली, आणि शिंपल्यांवर पोट भरणाऱ्या बायकांचा धंदा बसला. यातले काहीच विजेच्या दरात धरलेले नव्हते.

जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांनी धरणाचे उद्घाटन केले. महिनाभरातच, २४ फेब्रुवारीला, ते परदेश दौऱ्यावर असताना सैन्याने त्यांची सत्ता उलथली. ते घानात परत आले नाहीत. धरण मात्र चालू राहिले आणि १९६७ पासून तेमाचे घट तापू लागले. पूर्ण क्षमतेने वर्षाला दोन लाख टन धातू. गुणाकार केला तर तीनशे कोटी युनिटे, म्हणजे धरणाच्या वार्षिक विजेच्या निम्म्याहून जास्त. १९७२ पासून टोगो आणि दाहोमी (आजचा बेनिन) या शेजाऱ्यांनाही वीज जाऊ लागली. घानाच्या उत्तर भागाला तारा पोहोचायला मात्र १९८० च्या दशकाची अखेर उजाडली.

मधल्या काळात दुष्काळ आला. १९८२ ते १९८४ या वर्षांत पाऊस फिरला आणि तलाव खाली गेला. एवढा मोठा उथळ पृष्ठभाग म्हणजे उघडी परातच. वर्षाला दीड मीटर बाष्पीभवन मानले तरी बारा-तेरा घनकिलोमीटर पाणी हवेत जाते. एरवी तलावावर पडणारा पाऊस त्यातला बराच भाग भरून काढतो. दुष्काळात नेमका तोच नसतो. अखेर कारखाना बंद ठेवावा लागला. तो बंद असताना दराची बोलणी पुन्हा झाली आणि १९८५ मध्ये दर तिपटीहून अधिक वाढवून घेण्यात घानाला यश आले.

खेड्यांकडे खरे लक्ष वळले ते १९८९-९० च्या सुमारास. तेव्हा लोकसंख्येच्या फार तर वीस टक्क्यांपर्यंतच वीज पोहोचली होती. २०२० पर्यंत सर्वांना वीज, असा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. आधी जिल्ह्याची मुख्य गावे जोडायची आणि त्यांच्यापासून फाटे काढायचे. त्यातला स्वयंसहाय्याचा भाग आम्हाला विशेष वाटला. असलेल्या वाहिनीपासून २० किलोमीटरांच्या आतल्या गावाने खांब स्वतः विकत घेऊन उभे करायचे आणि किमान एक तृतीयांश घरांत तारा ओढून तयार ठेवायच्या. मग उरलेले काम सरकारचे. गावाने वर्गणी काढली, खांब आले, तरी वायर येईपर्यंत वर्षे गेली असेही झाले. तरी ही संख्या वाढत गेली. आज घानात शंभरातल्या सुमारे ८५ किंवा त्याहून थोड्या अधिक माणसांच्या घरी वीज आहे. आफ्रिकेच्या त्या भागात हे प्रमाण फार थोड्या देशांना गाठता आले.

घरे वाढली तशी मागणीही वाढली, पण पाणी तेवढेच राहिले. १९९० च्या दशकाच्या शेवटी टाकोराडीजवळ औष्णिक केंद्र उभे राहिले, २०१३ मध्ये काळ्या व्होल्टावर ४०० मेगावॅटचे बुई धरण पूर्ण झाले. आता निम्म्याहून जास्त वीज प्रामुख्याने गॅसवर होते. २०१२ मध्ये समुद्रातली गॅसवाहिनी एका जहाजाच्या नांगराने तुटली आणि पुढली काही वर्षे भारनियमनाने लोक हैराण झाले. त्वी भाषेत त्याला नाव पडले 'डुमसोर', म्हणजे विझव आणि लाव. कैसरचा कारखाना २००३ मध्ये बंद पडला. पुढे सरकारने तो विकत घेतला आणि थोडे घट पुन्हा पेटवले. २०२३ च्या पावसाळ्यात उलटेच झाले. तलाव तुडुंब भरला, दरवाजे उघडावे लागले, आणि खालच्या मेपे वगैरे गावांतली वीस हजारांहून अधिक माणसे बेघर झाली.

राहिलेली घरे कोठे आहेत? त्यातली बरीच या तलावाच्याच काठावर आणि त्यातल्या बेटांवर आहेत. बुडालेल्या टेकड्यांचे माथे म्हणजे ही बेटे. धरणाची वीज तेथे न्यायची तर मैलोन् मैल पाण्यावरून तार ओढावी लागेल. तेव्हा गेल्या दशकात त्यांपैकी काही वस्त्यांवर सौर पट्ट्या, बॅटऱ्या आणि गावापुरती छोटी जाळी बसवली गेली. शाळेतला दिवा आणि मासे टिकवणारा फ्रीज आता त्यांवर चालतो.