सासूबाईंची पर्स आणि विहिरीची मोट

आज आपण बोलणार आहोत चामड्याच्या जुन्या पर्सविषयी. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात हे काय नवीन? पण ही गोष्ट आमच्या गटात घडली, आणि एका पर्सच्या मागे लागून आम्ही पार विहिरीच्या मोटेपर्यंत जाऊन पोचलो.

झालं असं, की दिवाळीच्या साफसफाईत चिंचवडच्या आमच्या एका ताईंना सासूबाईंच्या ट्रंकेत एक तपकिरी पर्स सापडली. पट्टा तुटलेला, शिवण उसवलेली, वर बुरशी. ताई म्हणाल्या, "रेक्झीनची दिसतेय, टाकते भंगारात." तेवढ्यात पलंगावरून ब्याऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "टाकू नको गं. पहिल्या पगाराची आहे ती."

आजी पिंपरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. पिंपरीत 1954 साली सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली, आपल्या देशात पेनिसिलीन बनू लागलं. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानावर एकेक शेड उभी राहू लागली. त्याआधी आपल्या आज्या-पणज्या पैसे ठेवायच्या कनवटीला, बटव्यात, नाहीतर पदराच्या गाठीत. बाई घराबाहेर कामाला निघाली, हातात पगार, पास आणि चाव्या आल्या, तेव्हा पर्सची गरज पडली. युरोपातही असंच काहीसं झालं. तिकडच्या बायका घागऱ्याच्या आत कमरेला खिसे बांधायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी पातळ, सरळ झग्यांची पद्धत आली, आत खिसा मावेना, म्हणून हातात धरायची पिशवी आली.

आता ही पर्स किती जुनी, हे कसं ओळखायचं? अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यात आम्हाला एक नाणं सापडलं. त्यावर 'नया पैसा' आणि 1962. आपल्याकडे 1957 साली दशमान नाणी आली, तेव्हा पैशाला नया पैसा म्हणायचे. 1964 साली त्यातला 'नया' गेला. नाण्यावरून पर्स नेमकी कधी घेतली हे कळत नाही, पण आजींच्या सांगण्याला ते जुळत होतं. दुसरी खूण चेनची. जुन्या पर्सला पितळी दातांची चेन असते. प्लॅस्टिकची, नायलॉनची चेन सर्रास दिसायला लागली ती नंतर.

आणि चामडं की रेक्झीन? आतली उघडी बाजू बघा. चामड्याला मागून बारीक तंतू दिसतात, रेक्झीनला मागे कापड दिसतं. चामड्यावरची छिद्रं आणि सुरकुत्या कुठे दाट कुठे विरळ असतात, रेक्झीनवरचा छाप सगळीकडे सारखा. जुनं झाल्यावर रेक्झीनचे पापुद्रे सुटतात, चामड्याला चिरा पडतात. कुणी काडी ओढून जाळून बघायला सांगितलं तर ऐकू नका, वस्तू वाया जाते.

पर्स अस्सल चामड्याची निघाली. मग आमचा उत्साह वाढला आणि आम्ही चूक केली. खोबरेल तेल चोळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी बघतो तर काळे डाग पडलेले आणि झाकण घडीवर तडकलेलं. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि हात फिरवत बसल्या. आम्हाला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ बसणाऱ्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांनी झाकणाची कापलेली कड नखाने खरवडली आणि म्हणाले, "हे सालीत कमावलेलं आहे. याला ऊन सोसत नाही."

सालीत म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. काकांनी सांगितलं ते असं. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, केस काढायचे, धुवायचं. मग त्याचीच पिशवी शिवायची, आत साल आणि हिरड्याची पूड घालून पाणी भरायचं आणि ती पिशवी टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहतं, पुन्हा भरायचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने असंच कमावलं जातं. म्हणजे हातात घ्यायच्या पिशवीआधी ते कातडं स्वतःच पिशवी झालेलं असतं.

दुसरी रीत क्रोमची. ती 1884 साली अमेरिकेत निघाली आणि 1903 च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासला सुरू केली. ते कातडं त्याने कशासाठी वापरून बघितलं ठाऊक आहे? विहिरीतून पाणी काढायच्या मोटेसाठी! कारण क्रोमचं कातडं पाण्यात लवकर कुजत नाही. कापलेल्या कडेला आत निळसर-राखी रंग दिसला तर क्रोम, तपकिरी दिसला तर सालीचं, अशी साधी ओळख आहे.

मोट म्हटल्यावर काकांचा चेहराच बदलला. त्यांचे आजोबा खेड तालुक्यात मोटा शिवायचे. चाकणच्या बाजूचा कांदा तेव्हा विहिरीच्या पाण्यावर पिकायचा. बैलांची जोडी, नाडा आणि कातड्याची सोंड असलेली मोट. ढोर समाज कातडं कमवायचा, चर्मकार ते शिवायचे, आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. मोट फाटली की पीक वाळायचं, पण ती शिवणाऱ्याला ओट्यावर बसू देत नव्हते. पुढे इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोट गेली, बलुतंही गेलं. काकांचे वडील पिंपरीला येऊन चपला शिवू लागले. मुलगा आता चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. आरी त्याने हातात घेतलेली नाही.

काकांनी पर्स चार दिवसांत दिली. जुनी शिवण उसवली, पण नवी भोकं पाडली नाहीत. जुन्याच भोकांतून मेणाचा दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून ओवला. या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. तडकलेल्या झाकणाला आतून पातळ कातड्याची पट्टी चिकटवली. पट्टा नवा लावला, पितळी कडी जुनीच ठेवली. डाग मात्र गेले नाहीत. ते आमच्या नावावर राहिले.

घरी सांभाळायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या सुती कापडाने पुसायची, सावलीत वारा लागू द्यायचा. पाण्याने धुवायची नाही. मेणाचं पॉलिश अगदी थोडं, आधी तळाला लावून बघायचं. ठेवताना आत सुती चिंध्या भरायच्या आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आणि सालीत कमावलेल्या जुन्या कातड्यातून हात लावताच लालसर भुकटी झडू लागली, तर ते आतूनच कुजलंय. गंधकाच्या धुराने असं होतं. त्यावर तेल नको, इलाज नको, जपून ठेवायचं एवढंच.

मैत्रिणींनो, एक गोष्ट लपवायची नाही. दुरुस्तीचं काम शिकून घेऊ, असं बैठकीत आम्ही म्हटलं, तेव्हा दोघी गप्प झाल्या. एक म्हणाली, "चामड्याचं काम आपल्यात नाही करत." त्यावर आजींच्या सूनबाई म्हणाल्या, "पर्स मात्र आपण खांद्याला लावतो." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्याच गटातली एक जण, जी आजवर माहेरचा धंदा कधी सांगत नव्हती, म्हणाली, "माझ्या आईला दोन सुयांचा टाका येतो. मी शिकवीन."

कोल्हापूरकडे चपलांच्या वेण्या विणण्याचं काम बायकाच करतात. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चर्मकारांच्या धंद्यासाठी आपल्या राज्यात 1974 पासून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. म्हणजे या कामाला नावही आहे आणि मानही. तो आपल्या मनात यायला उशीर झाला.

सध्या पाच जणी शनिवारी शिकायला बसतात. काका आरी धरायला शिकवतात आणि त्यांची फी गटातून जाते. ती गप्प झालेल्यांपैकी एक आता येते, दुसरी अजून येत नाही. आजींची पर्स त्यांच्या उशाशी असते. नया पैसा आत होता तिथेच, त्याच कोपऱ्यात ठेवून काकांनी अस्तर शिवून टाकलं आहे.

तुमच्या घरी अशी एखादी पर्स, बटवा, पाकीट असेल तर टाकण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा. आणि तेल मात्र लावू नका.