पन्नाचे हिरे कोण वेचतो?

१/ बाजीराव आणि छत्रसाल यांची मैत्री आपल्याला परिचित आहे. छत्रसालांच्या पन्ना राज्यातील हिऱ्यांविषयीही आपण ऐकलेले असते. मात्र ते हिरे मातीतून प्रत्यक्ष कोण वेचत आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ बुंदेलखंडात आख्यायिका आहे की, स्वामी प्राणनाथांनी छत्रसालांना आशीर्वाद दिला : तुमचा घोडा जेथवर फिरेल, तेथवर हिरे सापडतील. या कथेत राजा आहे, संत आहे, घोडाही आहे; खोदणारा मात्र नाही.

३/ राजकीय इतिहासातही तो दिसत नाही. १७२९ साली बाजीरावांनी महंमद खान बंगशाविरुद्ध छत्रसालांना साहाय्य केले आणि पेशव्यांना राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा मिळाला. पन्ना छत्रसालांचे पुत्र हृदयशाह यांच्याकडे राहिले. वाटणीच्या या इतिहासात नावे येतात ती धन्यांची.

४/ पन्नाजवळ मझगवाँ येथे हिरे असलेल्या ज्वालामुखीजन्य खडकाची नळी आहे. तेथे सरकारी कंपनीची यंत्रचलित खाण आहे. पण अशा खडकांची झीज होऊन काही हिरे खडीच्या उथळ थरांतही विखुरले. तेथे कुदळ-फावडे पुरते.

५/ म्हणूनच या उथळ खाणी सामान्य माणसालाही खुल्या आहेत. शासनाच्या हीरा कार्यालयाकडून ८ मीटर लांब व ८ मीटर रुंद जागेचा पट्टा मिळतो. अलीकडे त्याचे वार्षिक शुल्क अवघे २०० रुपये होते. खरा खर्च श्रमाचा. आधी वरची माती काढायची, मग खडी धुवायची, वाळवायची, पसरायची आणि खडा न् खडा हाताने निवडायचा. कित्येकांचे वर्ष रिकाम्या हातांनी सरते.

६/ सापडलेला हिरा हीरा कार्यालयात जमा करावा लागतो. लिलावानंतर स्वामित्वधन व कर वजा करून उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. २०१८ मध्ये एका मजुराला ४२ कॅरेटहून मोठा हिरा सापडला. लिलावात त्याला अडीच कोटी रुपयांहून अधिक किंमत आली.

७/ तो मजूर स्वतः पट्टेदार होता, म्हणून ते पैसे त्याचे झाले. रोजंदारीवर दुसऱ्याच्या पट्ट्यात खडी निवडणाऱ्याच्या हाती हिरा लागला, तरी हक्क पट्टेदाराचाच. म्हणून मित्रहो, हिऱ्याचा इतिहास वाचताना मुकुटाबरोबर तो पट्टाही पाहा : जमीन कोणाच्या नावे होती, आणि खडी कोण धूत होते?