'हून' आणि 'पेक्षां'



वर्‍हाडांत पस्तीस वर्षें शिक्षकी केली. तुलनेचीं रूपें शिकवितांना माझा एक ठरलेला प्रश्न असे : "अमरावतीपेक्षां अकोला उष्ण, तर मग अमरावती थंड काय?" वैशाखांत हा प्रश्न ऐकून सारा वर्ग हंसे. एकांत गुण अधिक म्हटल्यानें दुसर्‍यांत तो नाहींच, असें ठरत नाहीं. 'रोग्याला कालपेक्षां बरें आहे' म्हणजे तो बरा झाला, असेंही नव्हे.

संस्कृतांत तुलनेचा प्रत्यय विशेषणासच लागतो. दोहोंत अधिक असेल तर 'तर' वा 'ईयस्', बहुतांत अधिक असेल तर 'तम' वा 'इष्ठ', अशी पाणिनीची व्यवस्था. 'श्रेष्ठ' व 'कनिष्ठ' यांत हाच 'इष्ठ' आहे. तरी 'श्रेष्ठतम' म्हणण्याची हौस वेदकालाइतकी जुनी आहे! फारसी ही संस्कृताच्याच कुळांतील. तिच्यांतही 'तर' आहे. 1853 पर्यंत निजामाच्या कारभारांत असलेल्या वर्‍हाडास ती परकी नव्हती. आपला 'बत्तर' हा तिचाच 'बद्‌तर'.

मराठीनें मात्र विशेषणास हात लावला नाहीं. 'मोठा' तो मोठाच राहिला; ज्याच्याशीं तुलना करावयाची, खूण त्याला लागली. 'हून' ही पंचमी. ज्ञानेश्वरींत (1290) तिचें 'हूनि' हें रूप आहे. 'त्याहून मोठा' म्हणजे त्याच्यापासून मोजतां मोठा. 'पेक्षां' हें संस्कृत 'अपेक्षया' यावरून आलें. म्हणजे त्याच्याकडे पाहतां मोठा. आमचा खेडुत 'माह्यापरीस' म्हणतो. तिन्ही रूपांत दुसरा माणूस डोळ्यांपुढें ठेवावाच लागतो.

नोकरीच्या आरंभीं एका विद्यार्थ्याला मीं भर वर्गांत म्हटलें, "तुझ्यापेक्षां तुझा धाकटा भाऊ हुशार आहे." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें, त्याला मीं मंद म्हटलें नव्हतें. पण त्यानें तेंच ऐकलें. पुढें वर्षभर तो आपण होऊन उत्तर द्यावयास उभा राहिला नाहीं.

तेव्हांपासून मी मुलाची तुलना त्याच्याशींच करूं लागलों : "मागील महिन्यापेक्षां तुझें अक्षर सुधारलें." 'पेक्षां' या शब्दांत पाहणें आहे. ज्याच्याकडे पाहून आपण दुसर्‍याला मोठा म्हणतों, तो बहुधा समोरच बसलेला असतो. बोलण्यापूर्वीं त्याच्याकडे खरोखरच एकदां पाहावें.